हापशावरची पंचायत

आमच्या चाळीत मला सगळे पाणीखातं म्हणायचे. माझ्या डाव्या हाताची शेजारीण दिवाबत्ती, उजव्या हाताची गटार. गटारवाली अकोल्याकडची होती आणि तिला या नावाचं फार वाईट वाटायचं. "मले बालवाडी द्या नं, आप्पा. आयकाले तरी बरं वाटते," असं ती बिचारी दर महिन्याला म्हणायची. आप्पा तिला दर महिन्याला एकच विचारायचे, "तुन्हा दारम्होरे काय शे? गटार का बालवाडी?" दारापुढं गटारच होतं.

ही नावं आप्पांनी ठेवलेली. आप्पा आमचे घरमालक. सुरतेत डिंडोलीच्या पुढं पलसाण्याच्या अंगाला जावं, तर तेव्हा सगळी गावंच होती. एकीकडं ऊस, एकीकडं लूमची खाती म्हणजे यंत्रमागाचे कारखाने, आणि मधल्या पडीक जमिनीत आमच्यासारख्यांच्या चाळी. आप्पांची चाळ दहा खोल्यांची, वर पत्रे. त्याखेरीज कडेच्या एका खोलीत ते एकटे राहायचे. खिशात दोन पेनं आणि एक खडू, चष्म्याची एक काडी मोडलेली म्हणून तिथं दोरा बांधलेला. गावच्या पंचायतीचं अंदाजपत्रक निघालं की ते त्यातली खाती आम्हा दहा घरच्या बायकांत वाटून टाकायचे. दिवाबत्तीवालीनं गल्लीतले खांबावरचे दिवे मोजायचे, कुठला गेला ते सांगायचं. सफाईवालीनं झाडूवाला कधी आला नि पावडर कुठपर्यंत मारली ते बघायचं. माझ्याकडं पाणी आलं. का, तर मी सातवी पास होते.

ती सातवी त्यांना पहिल्याच दिवशी कळली होती. लग्न होऊन आले, आमचे हे माझी पेटी डोक्यावर घेऊन खोली मागायला उभे. आप्पांनी त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. मला म्हणाले, "पोरी, वाचता येस का तुले?"

मी म्हटलं, "येस. सातवी पास शे."

"मंग खोली दिनी."

आमच्या ह्यांना वाटलं, म्हातारा डोक्यानं जरा कमी आहे. खरं सांगते, मलाही तसंच वाटलं.

रोज सकाळी आप्पा पंचायतीच्या घरापर्यंत चालत जायचे. तिथल्या फळ्यावर तलाटी गुजरातीत जे काही लिहील, चिकटवील, ते सगळं साडीच्या खोक्यातल्या पुठ्ठ्यावर उतरवून आणायचे. मग चाळीच्या हापशाशी वेताचा मोडा टाकून बसायचे आणि लूमचा एक जुना धोटा पितळी थाळीवर टणटण वाजवायचे. आम्ही बाया पाण्याच्या रांगेत उभ्याच असायचो. हापशाचं पाणी खारं, धुण्याभांड्याला तेवढं चालायचं, तरी रांग ही भली मोठी. "रांगमातलं मानूस पळत नही," असं ते म्हणायचे, आणि आम्हाला पळता येत नाही हे बघून पुठ्ठा वाचायला लागायचे. गुजरातीतून अहिराणीत, अहिराणीतून विदर्भाकडच्या बायकांसाठी मराठीत. त्यात मध्ये मध्ये स्वतःचं मतही घालायचे.

काय काय ऐकलंय आम्ही त्या रांगेत! घरवेरो म्हणजे घरपट्टी, ती भरायची मुदत वाढली. कुत्र्यांना सुई टोचायला माणूस येणार. तळ्याच्या पाळीवर शेणाचे ढीग घालू नयेत. गोचराच्या, म्हणजे गायरानाच्या, कडेच्या आंब्यांचा लिलाव अमुक दिवशी. अहो, आमच्या चाळीत गाय सोडा, कोंबडीसुद्धा कुणाकडं नव्हती. मी एकदा म्हटलंच, "आप्पा, त्यांच्या गोचराचं आम्हाला काय?"

झालं. हापसा आप्पांच्या पैशाचा, कायदा आप्पांचा. पंचायतीला, तळ्याला, दिव्याला, कशालाही 'त्यांचं' म्हटलं की रांगेत शेवटी जायचं. भरत आलेला हंडा उचलून मी मागं गेले. माझ्यानंतर गटारवाली खुदकन हसली नि म्हणाली, "हव, त्याईचं त्याईले लखलाभ." तीही माझ्या मागं येऊन उभी राहिली. त्या दिवशी माझं धुणं दुपारी बाराला झालं. मी आप्पांना मनातल्या मनात इतक्या शिव्या दिल्या, की आता आठवलं तरी लाज वाटते.

हा वेडा छंद त्यांना कुठून लागला ते त्यांनी एकदाच सांगितलं. ते आधी मिलमध्ये फोल्डिंग खात्यात होते. मिल बंद होणार अशी नोटीस फाटकावर लागली होती आणि आप्पा रोज तिच्याखालून कामाला जात होते. वाचताच येत नव्हतं. ज्या दिवशी फाटकाला कुलूप दिसलं त्या दिवशी कळलं. "मन्हा डोकावर टांगेल व्हती, माय," एवढंच म्हणाले. त्यानंतर पन्नाशीच्या घरात आलेल्या या माणसानं पोरांच्या अंकलिपीतून गुजराती अक्षरं शिकून घेतली.

प्लेगच्या साली तर कहर झाला. अख्खी चाळ रातोरात खानदेशात, विदर्भात पळाली. आम्हीही गेलो. आप्पा एकटे मागं राहिले. दहा खोल्यांना कुलपं, गल्लीत माणूस नाही, तरी रोज फळ्यापर्यंत जायचं नि यायचं, हे त्यांनी चुकवलं नाही. सगळं निवळल्यावर आम्ही परत आलो, ट्रकमधून बोचकी उतरवतोय, पोरं रडतायत, तोवर टणटण टणटण! मोडा मांडून आप्पा हजर. एवढ्या दिवसांच्या शिळ्या नोटिसांची चळत मांडीवर. "आधी आयका, मंग चूल पेटाडा," म्हणाले. पावडर कधी मारली, गटारं कधी उपसली, कुठल्या दिवशी डॉक्टर आले होते, सगळं सगळं वाचलं. आमचे हे बोचक्यावर बसल्या बसल्या झोपी गेले. मी मात्र त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकलं. कारण आम्ही नसताना आमच्या गल्लीचं काय झालं, हे सांगणारं दुसरं कुणीच नव्हतं.

आता माझं सांगते. ते सांगितल्याशिवाय आप्पा कळायचे नाहीत.

प्यायचं पाणी आम्ही खाडीच्या पलीकडून आणायचो. तिथं एका शेतकऱ्याची बोअर होती, भला माणूस, नाही कधी म्हणाला नाही. पण जायचं कसं? खाडीच्या काठाची निसरडी उतरण, मग पाण्यातले दगड, मग चढण. डोक्यावर हंडा, त्यावर कळशी. पंचायतीच्या टाकीची नळाची लाइन जुन्या गावात होती, ती आमच्या चाळींच्या अलीकडंच संपायची. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मला सातवा महिना होता. उतरणीवर पाय सरकला. हंडा खाली, मी खाली. दुसऱ्या दिवशी लेकरू झालं, ते रडलं नाही.

आमचे हे त्याला फडक्यात गुंडाळून घेऊन गेले. बरोबर फक्त आप्पा. खाडीच्या काठाला बाभळीखाली पुरलं. परत आल्यावर आप्पांनी मला काही म्हटलं नाही, धीर दिला नाही, देवाची इच्छा वगैरे बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी पुठ्ठा वाचला नाही. थाळी वाजली नाही असा तो एकच दिवस मला आठवतो.

पुढं वर्षानं मला पुन्हा दिवस गेले, आणि गावाहून सासूबाईंचा निरोप आला. सूनबाईला आखाजीला इकडं पाठवा. बाळंतपण इकडंच होईल आणि नंतरही ती इकडंच राहील. सुरतेच्या पाण्यापायी एक गेलं, दुसरं जाऊ देणार नाही. त्यांचं तरी काय चुकलं हो? आमच्याकडं कितीक घरं अशीच चालतात. नवरा सुरतेत लूमवर, बायको खानदेशात शेतावर, आणि वर्षातून दोनदा भेट. आमचे हे मान खाली घालून म्हणाले, "आई म्हणते ते बरोबरच आहे. मी तरी तुला कुठून पाणी आणून देऊ? बारा तास खात्यात उभा असतो."

मला जायचं नव्हतं. मला माझ्या नवऱ्याजवळ राहायचं होतं, त्या पत्र्याच्या खोलीत, त्या खाडीपासून लांब नाही जायचं मला. पण सांगणार कुणाला? नळ आला असता तर प्रश्नच मिटला असता. नळ नाही, तर संसार दोन गावांना. एवढं सरळ गणित होतं ते.

मी आप्पांना सांगितलं. रडत रडत सांगितलं. ते चष्म्याचा दोरा सारखा करत म्हणाले, "पानीखातं कोनाकडे शे?"

"मन्हाकडे."

"मंग रडस काय? ग्रामसभामा मांग."

अंदाजपत्रक वाचून दाखवायची ग्रामसभा व्हायची होती. तोवर आमच्या चाळीतलं कुणीही कधी त्या सभेला गेलं नव्हतं. नोटीस लागायची, आप्पा वाचायचे, आम्ही ऐकायचो, आणि सगळ्यांना वाटायचं, ती जुन्या गावातल्या लोकांची. आपण काय, कामाला आलेली माणसं. आप्पा मात्र दर वेळी एकटे जायचे, मागं बसायचे नि ऐकून यायचे. या वेळी ते म्हणाले, बोलायचं बायकांनी. पाणी बाया भरतात, तर बापे काय बोलणार?

मग संध्याकाळी हापशाशी आमची तालीम सुरू झाली. आप्पा मोड्यावर सरपंच होऊन बसायचे. आम्ही एकेकीनं हात वर करून उभं राहायचं आणि तीन गोष्टी सांगायच्या. नाव, खोली, मागणी. बस. "रडानं नही, सासूनं सांगानं नही, नवरानं तर नहीच नही." आता सासूचं न सांगता बोलायचं म्हणजे आमच्या निम्म्या बायकांची वाचाच बसली. दिवाबत्तीवाली उभी राहायची, नाव सांगायची, खोली सांगायची आणि फिदीफिदी हसत खाली बसायची. आणि तिन्ही गोष्टी सांगून झाल्या की आप्पा सरपंचाच्या आवाजात मुद्दाम विचारायचे, "बेन, तमारुं गाम कयुं?" कुठलं गाव तुमचं? आमच्या तोंडून आपोआप यायचं, पारोळा, अमळनेर, अकोला. की आप्पा कडाडायचे. "हाई गाव! हाई गाव सांगा! तथा पानी मांगाले जाशात का?" ‘हेच गाव’ एवढं पाठ करायला मला चार दिवस लागले.

आणि सभेची तारीख लागली कधी? आखाजीच्या आदल्या दिवशी.

आखाजी म्हणजे काय हे खानदेशाबाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. वर्षभर सासरी राबणारी लेक त्या एका सणाला माहेरी जाते. झोके, गाणी, आंब्याचा रस, आणि आईच्या घरात उशिरापर्यंत झोपणं. भाऊ न्यायला येतो, त्याला मुऱ्हाळी म्हणतात. त्याची वाट बघण्यात आमचा अख्खा चैत्र जातो. आप्पांनी हापशाशी उभं राहून सांगितलं, की या वर्षी सभा होईपर्यंत कुणी माहेरी जाऊ नये. सफाईवाली पुटपुटली, "म्हाताऱ्याला ना आई ना बहीण, त्याला काय कळणार." ते आप्पांना ऐकू गेलं.

चौघी गेल्या. त्यांना मी नावं ठेवत नाही. आम्ही सहा जणी राहिलो. माझा भाऊ दोन दिवस आधी आला तो पिशवीत आईनं दिलेल्या सांजोऱ्या घेऊन. मी म्हटलं, "मला सभा आहे. नंतर बघू."

"सभा? कसली सभा?"

"पंचायतची."

तो माझ्याकडं बघतच राहिला. "तू काय निवडणुकीला उभी राहिली का काय?" मग खालच्या आवाजात म्हणाला, "आई दारात बसेल राहीन गं." त्याला स्टेशनच्या रिक्षात बसवलं, आणि खोलीत येऊन त्या सांजोऱ्या एकामागून एक खाल्ल्या नि रडले. आप्पांचा इतका राग आला होता मला, की त्या संध्याकाळी मी तालमीला गेले नाही.

सभा शाळेच्या अंगणात, लिंबाच्या झाडाखाली होती. पुढं खुर्च्यांवर गावातले मोठे लोक, मागं सतरंजी. आम्ही सहा जणी पदर सावरून एका कोपऱ्यात एकमेकींना चिकटून बसलो. आमचे हे रात्रपाळी करून तसेच आलेले, डोळे लाल, फाटकाशी उभे. आणि आप्पा! वर्षभर चुरगळलेल्या सदऱ्यात फिरणारा माणूस, त्या दिवशी काळा कोट घालून आला होता. कोट मिलमधल्या काळातला, खांद्याला ढिला. हातात स्वतःच्या हातानं गुजरातीत लिहिलेला अर्ज.

तलाटी नवीन बदलून आलेला होता. त्यानं अंदाजपत्रक भराभर वाचलं. आप्पांचे ओठ त्याच्याबरोबर हलत होते. पाण्याच्या खात्यात जुन्या गावाची आणि देवळाकडची लाइन होती. आमच्या चाळींचं नाव नव्हतं. कुणाला काही बोलायचं आहे का, असं विचारल्यावर आप्पा उठले. इतकी वर्षं मागं बसणारा माणूस पहिल्यांदा उठला. आधी ते बोलणार, मग आम्ही, असं ठरलं होतं. त्यांनी घसा साफ केला, अर्ज उलगडला.

तलाटी हजेरीची वही पुढं ओढत म्हणाला, "काका, तमारुं गाम?"

आणि आप्पा म्हणाले, "साक्री. धुळे जिल्लो."

आम्हाला आधी कळलंच नाही. मग पुढच्या खुर्च्यांवर हशा पिकला. सरपंच तसा वाईट माणूस नव्हता, पण त्यालाही मोह आवरला नाही. "तो काका, पाणी साक्रीमां मांगो ने!" म्हणाला. पुन्हा हसले सगळे.

आप्पा तसेच उभे होते. ज्या माणसानं आमच्याकडून चार चार दिवस घोकून घेतलं, ज्यानं 'त्यांचं' म्हटलं म्हणून मला रांगेत मागं पाठवलं, त्याच्याच तोंडून असं निघून गेलं. एक शब्दही न वाचता आप्पा खाली बसले. मी त्यांना अर्ध्यावर बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. आधीचा सगळा राग कुठल्या कुठं गेला.

गटारवालीनं मला असा चिमटा काढला, की आठवडाभर काळानिळा डाग होता. "उठ नं बाप्पा! पानी तुह्याकडे हाय!"

मी उठले. पाच महिन्यांचं पोट, ते पदरानं झाकायचंही विसरले. नाव सांगितलं. खोली पाच. मागणी, प्यायच्या पाण्याचा नळ. तलाटीनं मान वर न करता सवयीनं विचारलं, "बेन, तमारुं गाम?"

माझ्याही जिभेवर पारोळा आलं होतं हो, अगदी दातांपर्यंत आलं होतं. मी ते गिळलं. पण पाठ केलेलंही काही आठवेना. मग जे आलं ते बोलले, मराठी, गुजराती, हिंदी जे तोंडात येईल त्यात. म्हटलं, "माझं पहिलं लेकरू तुमच्या खाडीच्या काठाला बाभळीखाली पुरलंय. पाणी आणताना मी पडले, म्हणून गेलं. दुसरं पोटात आहे. याच उतरणीवरून मी रोज पाणी आणते. आता तुम्हीच सांगा भाई, मी कुठली?"

रडानं नही, असं आप्पांनी शंभरदा बजावलं होतं. मी हमसून हमसून रडले.

फाटकाशी आमचे हे तोंडावर हात ठेवून उभे. तेवढ्यात माझ्या बाजूला दिवाबत्तीवाली उठली. न हसता म्हणाली, "खोली चार. गाव हेच. मागणी नळ." मग सफाईवाली, मग बाकीच्या. शेवटी गटारवाली उठली, "खोली सहा. गाव हेच. मागनी नळ," आणि खाली बसता बसता पुन्हा उठून म्हणाली, "अन् गटारावर फरशी बी टाका." तेव्हा जे हसू आलं ते आमच्यावरचं नव्हतं. खुर्च्यांवरचे म्हातारेसुद्धा डोळे पुसत हसले. सरपंच मात्र हसला नाही. तो जमिनीकडं बघत तलाटीला म्हणाला, "लखो. आ बेननुं पहेलां लखो." तलाटीनं माझी मागणी सगळ्यांत वर लिहिली.

आप्पा सगळ्यांच्या पुढं एकटेच घरी निघाले. आम्हाला आनंदानं ओरडावंसं वाटत होतं, पण त्यांच्या पाठीकडं बघून कुणी ओरडलं नाही. उसाच्या बांधावर मी त्यांना गाठलं. ते न थांबता म्हणाले, "तीस वरीस व्हई गयात, मी तथा गया नही. कोनी शे बी नही तथा. तरी तोंडमा तेच नाव ऊनं."

मी म्हटलं, "चालस, आप्पा."

"नही चालस," ते म्हणाले. पण चाल जरा हळू केली, आणि आम्ही बरोबर चालत घरी आलो.

त्या रात्री आमच्या ह्यांनी गावाला पत्र लिहिलं, की ती इथंच राहील. मी सांगायच्या आत लिहिलं.

ठराव लिहिला म्हणजे नळ आला, असं थोडंच असतं? आप्पा रोज पंचायतीत जाऊन बसायला लागले. फळा वाचायचा आणि मग तलाटीच्या टेबलासमोरच्या बाकावर तासभर गप बसून राहायचं. काही बोलायचं नाही, मागायचं नाही. तलाटीनं जा म्हटलं की "बठेल शे," म्हणायचं. तिकडं प्यायचं पाणी माझ्या वाटचं कोण आणणार, याचाही तक्ता त्यांनी चाळीच्या भिंतीवर खडूनं लिहून टाकला. सोमवारी खोली एक, मंगळवारी खोली दोन. माहेरी गेलेल्या चौघी परत आल्या, त्यांना दोन दोन पाळ्या. एकीनंही कुरकुर केली नाही. मला त्या दिवसांत खाडीच्या उतरणीवर कुणी पाऊल टाकू दिलं नाही. सख्ख्या बहिणी काय करतील असं केलं त्या बायांनी.

श्रावणात नळ आला. गल्लीच्या तोंडाशी, सिमेंटच्या ओट्यावर, एकच तोटी. पहिली धार सुटली तेव्हा मी आप्पांच्या पाया पडायला वाकले, वाकता येत नव्हतं तरी. ते दोन पावलं मागं सरले. "पाया कसाले पडस? पानी किती वाजता उनं नि किती वाजता गयं ते लिखी ठेव. खातं तुन्हं शे." असा माणूस. आभार मानायची सोयच नव्हती. मी मुकाट्यानं वेळ लिहून ठेवली.

आणि त्या नळानं आप्पांचं पार नुकसान केलं हो. गोडं पाणी तासभरच यायचं, त्यात बाया नुसत्या धावत सुटायच्या. हापशाची रांग मोडली. आप्पा मोड्यावर थाळी वाजवत बसायचे, समोर कुणी नाही. आठ-दहा दिवस त्यांनी वाट बघितली. मग पुठ्ठा काखेत मारून ते दारोदार फिरायला लागले. "नंतर या हो आप्पा, पाणी चाललंय," असं म्हणत बाया आत पळायच्या. मला पळता येण्यासारखं नव्हतं आणि पळायचंही नव्हतं. पाचव्या खोलीपुढं ते उभे राहायचे नि मी आंब्यांच्या लिलावापासून कुत्र्यांच्या सुईपर्यंत सगळं ऐकायचे. पुढं त्यांचे डोळे गेले तेव्हा फळ्यावरचं उतरवून आणायचं काम माझ्याकडं आलं. आता ते गाव राहिलं नाही, महानगरपालिकेत गेलं. घरात नळ आहे. पण वॉर्डाच्या कचेरीत मला अजून सगळे ओळखतात, आणि शिपाई मला बघितलं की खुर्ची पुढं करतो. कुठं काय मागायचं, कुणाला विचारायचं, कुठल्या कागदावर सही करायची नाही, हे सगळं त्या माणसानं मला दिलं. माझ्या आईबापांनी जन्म दिला, पण या शहरात उभं राहायला मला आप्पांनी शिकवलं. हे त्यांच्या तोंडावर बोलले असते, तर त्यांनी मला रांगेत शेवटी पाठवलं असतं.

नळ आला त्याच वर्षी पोळ्याच्या आसपास मी खोलीतच बाळंत झाले. नर्सबाई वेळेवर आल्या. मुलगी झाली, आणि अशी रडली, की दहाव्या खोलीत ऐकू गेलं.

दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी दारात खाकरल्याचा आवाज झाला. आप्पा होते. आत आले नाहीत, उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. हातात पुठ्ठा नव्हता, पंचायतीचा शिक्का मारलेला कागद होता. कुणी सांगितलं नव्हतं, विचारलं नव्हतं, स्वतःच जाऊन जन्माची नोंद करून आले होते. गल्लीत पाणी सुटलेलं, बाया हंडे घेऊन पळत होत्या. आप्पांनी त्यांच्याकडं लक्षच दिलं नाही. नोटीस वाचायच्या त्याच खड्या आवाजात वाचायला सुरुवात केली.

"आयका. पंचायतना दप्तरमा नोंद व्हयेल शे. लेकरूनं नाव, कोरं. मुलगी शे. मायनं नाव, बापनं नाव, बरोबर शे." मग ते थांबले. चष्मा वर सरकवला. "जन्मनं ठिकान, हाई गाव."

शेजारची दिवाबत्तीवाली हंडा तिथंच ठेवून थांबली. गटारवालीही थांबली. नळ वाहत होता तो वाहतच राहिला.

आप्पा उंबरा ओलांडून आत आले, वाकले. कागद पाळण्यात लेकीच्या उशाशी ठेवला आणि तिला म्हणाले, "आते तुले कोन्ही इचारं, तर हाईच नाव सांगजो, माय."

लेक झोपेत होती. तिच्या वतीनं मी हो म्हटलं.